घरातले जुने सामान आणि पंपाची बॅटरी : काय लावावे, काय लावू नये



लागणीच्या तयारीच्या गटवार सभांमध्ये बेणे, खत, पाणी हे विषय आटोपले, की हल्ली बऱ्याच गावी एक प्रश्न हमखास निघतो. पाठीवरच्या फवारणी पंपाचा चार्जर जळतो, नवा आणायचा तर तालुक्याला खेप पडते, आणि इकडे माळ्यावर पोराच्या जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर, बंद पडलेला यूपीएस, टेपडेक, टीव्हीचा स्टॅबिलायझर असे सामान धूळ खात पडलेले असते. "साहेब, यातलं काही लावून बॅटरी चार्ज होत नाही का?" होते. पण त्याच सामानातल्या काही वस्तू जीवघेण्या आहेत, आणि बाहेरून बघून त्यांतला फरक कळत नाही. म्हणून आम्ही विद्युत विभागातली माणसे या वेळी दोन पाने मागून घेत आहोत.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. मागे एका पावसाळ्यात आम्ही एका वस्तीवर गेलो होतो. गोठ्यात १०० वॉटचा तारेचा दिवा टांगलेला. घरातल्या विजेची एक तार त्या दिव्यातून, पुढे एका डायोडमधून बॅटरीच्या एका टोकाला आणि दुसरी तार सरळ बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला. हा 'दिवा-डायोड'चा चार्जर बऱ्याच जणांनी पाहिला असेल. बॅटरीचा चिमटा निसटला आणि म्हशीच्या साखळीवर पडला. खाली ओले. दुभती म्हैस जागच्या जागी गेली. घरधनी आम्हांला पुनःपुन्हा विचारत होते, "अहो, बारा व्होल्टाची तर बॅटरी, तिचा शॉक बसतोच कसा?"

बॅटरीचा शॉक नव्हताच तो. बॅटरी बारा व्होल्टांची असली तरी ती या जोडणीत घरच्या २३० व्होल्टांच्या लाईनलाच टांगलेली असते. चिमटा बॅटरीवर आहे तोवर मीटर बारा-तेराच दाखवतो. चिमटा सुटून जमिनीशी संबंध आला की साखळीवर सगळी लाईन येते. मध्ये दिवा आहे म्हणून करंट कमी येतो हे खरे. पण १०० वॉटच्या दिव्यातून अर्ध्या अँपिअरला थोडा कमी करंट जाऊ शकतो, आणि माणसाचा जीव जायला त्याचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो. "आमच्याकडे ईएलसीबी आहे" असे कोणी म्हणेल. ते जरूर असावे, पण डायोडमुळे विजेची लहर अर्धी कापलेली असते, आणि घरोघरी बसवलेले साध्या जातीचे ईएलसीबी अशा कापलेल्या विजेवर पडेलच अशी खात्री देता येत नाही.

बरे, एवढा धोका पत्करून मिळते काय? बॅटरीत जातो जेमतेम पाव अँपिअर. आठ अँपिअर-तासाची रिकामी बॅटरी भरायला दीड-दोन दिवस लागतात. दिवा पन्नास-साठ वॉट जाळतो आणि बॅटरीच्या पोटात तीन वॉट जातात. म्हणजे वीस भागांतला एक भाग बॅटरीला आणि एकोणीस भाग गोठा उजळायला! ज्यांच्याकडे ही जोडणी असेल त्यांनी ती आजच उतरवावी, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पंपाची बॅटरी असो की ट्रॅक्टरची, शिशाची बॅटरी म्हणजे सहा घरे एकापुढे एक. पूर्ण भरून काही तास शांत ठेवली की ती १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. तिच्यात वीज ढकलायची तर बाहेरचे व्होल्टेज तिच्यापेक्षा वर पाहिजे, १४.४ पर्यंत. त्याच्या बरेच वर नेले की आतले पाणी फुटून हायड्रोजन निघतो, बॅटरी उकळते, बंद जातीची असेल तर फुगते. आणि कायम फारच कमी ठेवले तर ती कधी पुरती भरत नाही, पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि दोन हंगामांची बॅटरी एका हंगामात भंगारात जाते. करंटचा अंदाज सोपा आहे : बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-तासाचा दहावा भाग. 'बारा बाय आठ'च्या पंपाला पाऊण ते एक अँपिअर, 'बारा बाय बारा'ला सव्वा अँपिअर.

तेव्हा जुनी वस्तू हातात घेतली की आम्ही पाहतो ते एवढेच : ती मुख्य लाईनपासून अलग आहे काय, तिचे व्होल्टेज बांधता येते काय, आणि करंटला लगाम कोण घालतो.

या कसोटीला सगळ्यांत चांगला उतरतो तो लॅपटॉपचा अडॅप्टर. चांगल्या कंपनीच्या अडॅप्टरमध्ये लाईन आणि बाहेरची तार आतूनच अलग केलेली असते, आणि तो साधारण १९ व्होल्ट, तीन-साडेतीन अँपिअर देतो. मात्र हे १९ व्होल्ट सरळ बॅटरीला कधीही लावू नयेत. एक तर अडॅप्टर भाराखाली बंद-चालू होत राहतो, किंवा बॅटरी उकळते. मध्ये व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधणारी एक छोटी पट्टी लागते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'सीसी-सीव्ही स्टेप-डाऊन मोड्यूल' म्हणून मागावी, शे-दोनशे रुपयांत मिळते. नुसती 'स्टेप-डाऊन' घेऊ नये. तिच्यावर करंटचा स्क्रू नसतो.

पट्टीवर पिळाचे बारीक स्क्रू असतात, एक व्होल्टेजचा, एक करंटचा. बॅटरी न जोडता आधी व्होल्टेज १४.२ वर आणावे. मग करंटचा स्क्रू उलटा फिरवून अगदी कमी करावा, मीटर दहा अँपिअरच्या जागी लावून त्याच्या दोन काड्या पट्टीच्या बाहेरच्या टोकांना लावाव्यात, आणि करंट हळूहळू पाऊण-एक अँपिअरपर्यंत चढवावा. झाले. बॅटरी रिकामी असताना पट्टी करंट धरून ठेवते, भरत आली की व्होल्टेज धरते आणि करंट आपोआप उतरत जातो. शंभर-दीडशे मिलिअँपिअरवर आला की बॅटरी भरली असे समजावे.

आपल्याकडे वीज जाते, हे पट्टी बनवणाऱ्याला ठाऊक नसते! वीज गेली की बॅटरी उलट्या दिशेने पट्टीतून अडॅप्टरकडे वाहू लागते. पट्टी जळण्याचे हे एक नेहमीचे कारण आम्ही पाहिले. म्हणून पट्टीच्या पुढे, बॅटरीकडे जाणाऱ्या अधिक तारेत तीन किंवा पाच अँपिअरचा शॉटकी डायोड टाकावा. डायोड थोडे व्होल्टेज खातो, तेव्हा १४.२ हे डायोडच्या पुढे, बॅटरीच्या चिमट्यांवर, एखादा छोटा इंडिकेटरचा दिवा लावून पुन्हा मोजून घ्यावे. आणि चिमट्याजवळ एक तीन अँपिअरचा फ्यूज. हा दहा रुपयांचा फ्यूज टाळण्याची आपल्या लोकांना भारी हौस.

चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोलीत चाळीस अंश उष्णता असते. त्या दिवसांत हे व्होल्टेज पाव-तीन दशांशाने कमी, म्हणजे १३.९ च्या आसपास ठेवावे. रात्रभर विसरून लावून ठेवायची सवय असेल त्यांनी बाराही महिने १३.७ वर बांधावे. भरायला वेळ लागेल, पण बॅटरी फुगणार नाही.

ट्रॅक्टरच्या बॅटरीलाही हीच जोडणी चालते, करंट तीन अँपिअरपर्यंत वाढवून आणि फ्यूज पाचचा घालून. ऐंशी-नव्वद अँपिअर-तासाची बॅटरी त्यावर भरायला दीड दिवस लागेल. लागू द्या. गळीत हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर उभा राहतो तेव्हा महिन्यातून एकदा अशी सावकाश भरलेली बॅटरी पुढच्या तोडीला दगा देत नाही.

टेपडेक किंवा जुन्या रेडिओतला लोखंडी पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर हीसुद्धा चांगली वस्तू. त्याच्या पुढे चार डायोडचा ब्रिज लावून सरळ बॅटरीला देणारे कारागीर गावोगावी आहेत. त्यात खोट अशी, की १२ व्होल्टांच्या वेटोळ्यातून डायोडनंतर शिखराला पंधरा-साडेपंधरा व्होल्ट निघतात, आणि तेही लाईन २३० असेल तेव्हा. संध्याकाळी सगळीकडे भार असतो, लाईन १९० वर आलेली, बॅटरीत काही जात नाही. पहाटे भार उतरतो, लाईन २५० ला चढते आणि बॅटरी उकळते. मालक म्हणतो, "संध्याकाळी तर ठीक होती!" अशा चार्जरलाही ब्रिजनंतर मोठा कपॅसिटर आणि वरची तीच पट्टी जोडली की तो माणसात येतो. मात्र ब्रिजनंतरचे व्होल्टेज पट्टीला कमी पडू नये म्हणून ट्रान्सफॉर्मर १५ किंवा १८ व्होल्टांचा असलेला बरा.

इथेच एक मोठी फसगत होते. टीव्ही-फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये तसाच लोखंडी ट्रान्सफॉर्मर दिसतो. दिसायला भाऊच, पण जात वेगळी. त्यात एकच वेटोळे असते आणि त्यातूनच वेगवेगळ्या ठिकाणी तारा काढलेल्या असतात. म्हणजे बाहेरची तार आतल्या लाईनला धातूनेच जोडलेली. त्यातून बारा व्होल्ट काढले तरी ते त्या म्हशीच्या चार्जरचेच भावंड. ओळखायचे कसे? वस्तू विजेपासून सोडवून मीटर ओहमवर ठेवावा, एक काडी मेनच्या पिनला, दुसरी बाहेरच्या तारेला. दोन्ही पिना दोन्ही तारांशी तपासाव्यात. मीटरने जरासे ओहम दाखवले की ती वस्तू चार्जरसाठी बाद. काही दाखवले नाही तरी ही पहिलीच चाळणी समजावी. जुन्या वेटोळ्याचा वार्निश कमजोर झालेला असतो, ते मेगरशिवाय कळत नाही.

यूपीएसच्या आत बॅटरी भरायची सोय आयतीच असते, साधारण साडेतेरा व्होल्टांवर आणि बारीक करंटने. आतली सात अँपिअर-तासाची बॅटरी मेली असेल आणि बाकी यंत्र शाबूत असेल, तर पंपाची 'बारा बाय आठ' तिच्या जागी बसते. पण काही यूपीएसमध्ये बॅटरीच्या तारासुद्धा लाईनपासून अलग नसतात. म्हणून तारा बाहेर काढून पंपाला जोडू नये. करायचेच तर प्लग काढून बॅटरी आत बसवावी, झाकण लावावे आणि मग वीज द्यावी.

संगणकाच्या पॉवर सप्लायच्या डब्याबद्दल फार विचारणा होते. त्याची पिवळी तार बाराच व्होल्ट देते, आणि बारा व्होल्टांनी बारा व्होल्टांची बॅटरी भरत नाही. काही हुशार पोरे आतले भाग बदलून ते चौदावर नेतात. आम्ही ते कोणाला सांगत नाही. त्या डब्यात तीनशेहून अधिक व्होल्ट साठवणारे कपॅसिटर असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ भरलेले राहतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीला तर हातच लावू नये.

लिथियमबद्दल थोडक्यात, पण निक्षून. काही नव्या पंपांत लिथियमची बॅटरी येते, ती वजनाला हलकी असते. लेबल वाचल्याशिवाय वरचा चार्जर लावू नये. तिच्या एकेका सेलची मर्यादा ४.२ व्होल्टांची, काही जातींत त्याहूनही कमी; ती ओलांडली की ती शिशाच्या बॅटरीसारखी नुसती उकळत नाही, पेटते, आणि पाण्याने सहजी विझत नाही. तिला तिचाच चार्जर. लॅपटॉपचे जुने सेल काढून टॉर्च बनवणाऱ्यांनीही घरात, गंजीजवळ, झोपेच्या वेळी चार्जिंग करू नये.

बॅटरी कोणतीही असो, चिमटे आधी जोडावेत आणि मग वीज चालू करावी. काढताना वीज आधी बंद. भरत आलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो आणि चिमट्याची एक ठिणगी त्याला पुरते. बिडी ओढणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. फुगलेली किंवा तडकलेली बॅटरी चार्जर सुधारून सुधारत नाही. ती दुकानदाराला परत द्यावी, आतल्या शिशाचे पैसे मिळतात. ती फोडून आम्ल बांधावर ओतू नये.

ज्या सभासदांनी घरी चार्जर जोडला आहे किंवा जोडायचा आहे, त्यांनी तो गट ऑफिसात आणून द्यावा. शेतकी खात्याच्या गाडीतून तो आमच्याकडे येईल; आम्ही मेगर लावून पाहू, व्होल्टेज-करंट बांधून देऊ आणि चिठ्ठी लावून परत पाठवू. त्याबद्दल काही आकार नाही. सोबत बॅटरीही द्यावी, मात्र ती भरून आणू नये. उतरलेलीच आणावी, म्हणजे ती करंट किती घेते ते इथेच दिसेल.