बाजारात जुडीने मिळणारी फोडशी ‘दुर्मिळ’ कशी?

पहिले एक-दोन मोठे पाऊस झाले की जव्हार-मोखाड्याच्या रस्त्याकडेला हिरव्या पात्यांच्या जुड्या विकायला येतात. कुणी त्यांना फोडशी म्हणतं, कुणी कुलू. मधला जाड दांडा काढायचा, पानं बारीक चिरायची आणि कांदा, डाळ घालून परतायची. पावसाळी रानभाज्यांच्या रील्समध्येही ती हमखास दिसते.

याच भाजीचं दुसरं, महागडं नाव म्हणजे सफेद मुसळी. आणि ही सफेद मुसळी भारतीय वनस्पतींच्या ‘रेड डेटा बुक’मध्ये ‘दुर्मिळ’ म्हणून नोंदलेली आहे. जुडीने मिळणारी भाजी दुर्मिळ कशी, हा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त आहे.

बोरिवलीचं नाव लागलेलं फूल

जुलै-ऑगस्टमध्ये माळावर, डोंगरउतारावर आणि विरळ जंगलात सहा पाकळ्यांची पांढरी, चांदणीसारखी फुलं दिसतात, ती मुसळीची. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम. यातलं ‘बोरिविलिएनम’ म्हणजे आपलं मुंबईचं बोरिवली. सेंट झेवियर्स कॉलेजचे वनस्पतिशास्त्रज्ञ फादर संतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी 1955 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात तिचं वर्णन छापलं. सह्याद्रीत राहणाऱ्यांना ती त्याआधीपासून ठाऊक होतीच. शास्त्राच्या वहीत तिचं नाव तेव्हा चढलं.

मात्र फोडशी म्हणून विकली जाणारी प्रत्येक जुडी बोरिविलिएनमचीच असते असं नाही. तिची जवळची बहीण, क्लोरोफायटम ट्युबरोसम, हीसुद्धा त्याच नावाने खाल्ली जाते. पानांवरून दोघी ओळखणं अवघड. जमिनीखाली मात्र फरक कळतो. बोरिविलिएनमच्या जाड मुळ्या थेट बुंध्यापासून बोटांसारख्या घोसाने फुटतात, तर ट्युबरोसमचे कंद दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकाला लटकलेले असतात. ‘आमच्याकडे तर भरपूर आहे’ असं म्हणताना नेमकी कोणती भरपूर आहे, हे म्हणूनच पाहावं लागतं.

‘दुर्मिळ’ म्हणजे नेमकं काय?

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 1987 ते 1990 या काळात नायर आणि शास्त्री यांनी संपादित केलेल्या रेड डेटा बुकचे तीन खंड काढले. तेव्हाच्या जागतिक पद्धतीत ‘दुर्मिळ’ असा वेगळा वर्ग होता. आज संकटात नाही, पण संख्या किंवा पसारा मर्यादित असल्याने पुढे धोका आहे, असा त्याचा साधारण अर्थ. आययूसीएन या जागतिक संघटनेने 1994 मध्ये निकष बदलले आणि हा वर्गच काढून टाकला. आता संकटातल्या जातींसाठी ‘असुरक्षित’, ‘संकटग्रस्त’ आणि ‘अतिसंकटग्रस्त’ अशा चढत्या पायऱ्या आहेत. सोशल मीडियावरच्या पोस्ट हे सगळे शब्द एकाच अर्थाने वापरतात, तिथे घोळ होतो.

नव्या पद्धतीत रोपांच्या संख्येइतकाच तिच्या घटण्याचा वेगही मोजला जातो. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यातला जो काळ मोठा असेल त्यात संख्या 80 टक्के घसरली, तर ती जात अतिसंकटग्रस्त ठरू शकते, मग उरलेली रोपं हजारोंनी का असेनात. एखादी वनस्पती डोळ्यांसमोर असूनही संकटात असू शकते, ती अशी.

धोका पानांना नाही, मुळांना

भाजीसाठी पानं कापली तरी कंद जमिनीतच राहतो. खरी अडचण पावसाळ्यानंतर सुरू होते. मुसळीला ‘पौरुष वाढवणारी’ म्हणून जी मागणी आहे, ती मुळांना. (या दाव्यामागचे बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेले आहेत, हे जाहिराती सांगत नाहीत.) मुळ्या खणायच्या, सोलायच्या, वाळवायच्या. चार-पाच किलो ओल्या मुळ्यांतून जेमतेम किलोभर सुका माल मिळतो. त्या एका किलोसाठी किती झाडं उपटावी लागत असतील, याचा अंदाज करता येईल.

नवा कोंब मुळीतून फुटत नाही. मुळ्या जिथे एकत्र जुळतात त्या बुंध्याच्या चकतीवर त्याचा डोळा असतो. चकती गेली की झाड संपलं. बियांवर भिस्त ठेवावी, तर त्यांची उगवण कमी. त्यातून पानं हिरवी असतानाच कुणी खणलं, तर बी गळायच्या आत झाड जातं आणि मुळ्याही कच्च्याच हाती लागतात, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

पण घाई का होते, तेही समजून घ्यायला हवं. जव्हार-मोखाड्यात नागली, वरईची कापणी उरकली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि इतर कामांना बाहेर पडतात. मुसळी खणण्याचे दिवसही त्याच सुमाराचे. आपल्याआधी दुसऱ्याने खणली तर हातचे पैसे जातात, मग पानं सुकेपर्यंत थांबणार कोण?

मग बंदी घालावी का?

रेड डेटा बुकमध्ये नाव आल्याने आपोआप कायदेशीर संरक्षण मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 मध्ये पहिल्यांदा वनस्पतींची अनुसूची आली, तेव्हा तिच्यात सहाच नोंदी होत्या आणि मुसळी त्यांत नव्हती. दुसरीकडे, 2006 च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती, मुळं आणि कंद यांना गौण वनोपज मानून त्यांवर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला आहे. त्याच कायद्याने जंगलाची आणि जैवविविधतेची राखण करण्याचे अधिकारही ग्रामसभेला दिले आहेत. त्यामुळे सरसकट बंदीपेक्षा खणण्याची तारीख ग्रामसभेने ठरवणं जास्त व्यवहार्य वाटतं. पानं पूर्ण सुकून बी गळल्यावरच खणायचं आणि एक-दोन मुळ्यांसह चकती पुन्हा त्याच खड्ड्यात पुरायची. पुढच्या जूनमध्ये तिथूनच कोंब येतो.

लागवडीचा मार्गही आहे. महाराष्ट्रात मुसळीच्या शेतीची लाट येऊनही गेली. महागडी रोपं घेतलेल्या अनेकांना पुढे भाव मिळाला नाही. शेतातल्या मुसळीला बेण्याचा, मजुरीचा खर्च असतो. जंगलातली मुसळी व्यापाऱ्याला जोवर तिच्याहून स्वस्त पडते, तोवर माळावरची खणणी थांबणं कठीण आहे.