थांब, मग मार!

मागच्या महिन्यात रात्री साडेअकरा वाजता, रागाच्या भरात मी एका क्लायंटला मेल ठोकून दिला आणि महिन्याचं घरभाडं निघेल एवढं काम हातचं घालवलं. ‘तुला जरा थांबायला शिकायला हवं,’ म्हणत मैत्रिणीनं शनिवारी सकाळी मला ओढत नेलं ते थेट शूटिंग रेंजवर. थांबायला शिकायचं, तेही रायफल हातात घेऊन? मला हसूच आलं.

दहा मीटर एअर रायफल हा उभ्यानं खेळायचा प्रकार. रायफल टेकवायला काही नाही. टार्गेटच्या मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा!

सरांनी टार्गेटकडे डावा खांदा करून उभं केलं, डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवायला लावलं. ‘वजन हाडांवर द्या. स्नायू थकतात.’ मी डोळा लावला आणि समोरचा काळा गोल नाचायलाच लागला. श्वास घेतला की वर-खाली. रोखला, तर छातीतली धडधड थेट साइटमध्ये.

‘सर, ही हलतेय!’

‘हलणारच. सरावानं कमी हलते, थांबत कधीच नाही.’

माझी चूक वेगळीच होती. गोल मधोमध आला रे आला, की ‘आत्ता!’ म्हणून मी ट्रिगर खेचायचे. त्या झटक्यानंच छर्रा भलतीकडे जायचा. ट्रिगर हळूहळू दाबत न्यायचा आणि आठ-दहा सेकंदांत जमलं नाही, तर सरळ रायफल खाली घ्यायची. मॅचमध्ये ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात. ‘रायफल खाली घेतली म्हणून कुणी गुण कापत नाही,’ सर म्हणाले.

शिकारीतही हेच. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तिला चाप बसला; पण जिथे ती कायदेशीर आहे, तिथेही चांगला शिकारी आधी झाडाचा आधार शोधतो. नेमाची खात्री नसेल तर जनावर जाऊ देतो. नेम चुकला तर ते जखमी होऊन तडफडत राहणार.

पॅरिस २०२४ आठवतंय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसळे ५० मीटर थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये होता. गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा, झोपून मारल्यावर पाचवा. शेवटी उभ्यानं मारायची सगळ्यात अवघड फेरी, आणि नेमका तिथेच तो तिसऱ्या नंबरावर आला. ४५१.४ गुण, ब्राँझ!

त्या सकाळी मी एकदा, दोनदा, तीनदा रायफल खाली घेतली. चौथ्यांदा मारलं आणि छर्रा पहिल्यांदाच काळ्या गोलात गेला.

त्या क्लायंटचा फोन काही परत आला नाही. पण परवा रात्री दुसऱ्या एकाला असंच झणझणीत उत्तर लिहिलं, एकदा वाचलं, ड्राफ्टमध्ये टाकलं आणि झोपले.