डुप्लेक्स पोलादाचा सांधा : उष्णतेचा समतोल

समुद्राच्या पाण्यातील क्षार वेगळे करणारी संयंत्रे, रसायनवाहू जहाजांच्या टाक्या, कागद कारखान्यांतील पात्रे अशा ठिकाणी डुप्लेक्स स्टेनलेस पोलाद वापरले जाते. खाऱ्या पाण्याने पडणाऱ्या खड्ड्यांना व तड्यांना ते नेहमीच्या स्टेनलेस पोलादापेक्षा अधिक प्रतिकार करते. ताण सोसण्याची त्याची क्षमताही सुमारे दुप्पट असते.

या गुणांचे मूळ त्याच्या रचनेत आहे. फेराइट व ऑस्टेनाइट ही लोहाची दोन स्फटिकरूपे त्यात जवळजवळ निम्मी-निम्मी असतात. वितळजोडकामात, म्हणजे वेल्डिंगमध्ये, हाच समतोल धोक्यात येतो. वितळलेला धातू गोठताना प्रथम मुख्यतः फेराइट बनतो. तो निवत असता त्यातून ऑस्टेनाइट तयार होते. उष्णता फार कमी दिल्यास सांधा झपाट्याने निवतो, फेराइटचे प्रमाण वाढते व सांधा ठिसूळ होतो. उष्णता फार झाल्यास धातू 700 ते 950 अंश सेल्सिअस या टप्प्यात रेंगाळतो आणि 'सिग्मा' नावाचे ठिसूळ संयुग निर्माण होऊन गंजरोधकता घटते.

विद्युतदाब व विद्युतप्रवाह यांच्या गुणाकारास जोडकामाच्या वेगाने भागले असता उष्णतेचे प्रमाण मिळते. 24 व्होल्ट, 110 अँपिअर व सेकंदास 2 मिलिमीटर वेग असल्यास ते दर मिलिमीटरला सुमारे 1.3 किलोजूल होते. 22 टक्के क्रोमियमच्या प्रचलित '2205' प्रकारासाठी सामान्यतः 0.5 ते 2.5 किलोजूल ही मर्यादा मानतात. दोन थरांमधील तापमान 150 अंशांपेक्षा अधिक असू नये.

पद्धतीची निवड कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. नळाच्या आतील पहिल्या थरासाठी टिग पद्धत सोयीची. त्यात आर्गॉन वायूमध्ये थोडा नायट्रोजन मिसळल्यास ऑस्टेनाइट बनण्यास साहाय्य होते. पुढील थर विद्युतकांडीने भरता येतात. जाड पत्र्यांच्या लांब, सरळ सांध्यांस सबमर्ज्ड आर्क पद्धत किफायतशीर ठरते. पूरक धातूत सुमारे 9 टक्के निकेल असावे, म्हणजे समतोल राखला जातो.

सदोष सांधाही वरून चकचकीत दिसू शकतो. म्हणून काम ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी केवळ चकाकी न पाहता मंजूर कार्यपद्धती, उष्णतेची नोंदवही व फेराइट-मोजणीचा अहवाल मागावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनीही प्रशिक्षणार्थींना हातोटीबरोबरच हे गणित शिकवणे अगत्याचे आहे.