रेझिनची कंजुषी

कॅलिफोर्नियातल्या मोहावे इथे बर्ट रुटान या अभियंत्यानं १९७५ साली ‘व्हेरीईझी’ हे विमान उडवलं. छोटा आडवा पंख नाकाशी, इंजिन मागे. पुढच्या वर्षी त्याचे आराखडे विक्रीला आले आणि गॅरेजमध्ये विमान बांधू पाहणाऱ्यांची रीघ लागली.

फायबरग्लासचं काम एरवी साच्यात होतं. शंभर नग काढायचे तर साचा परवडतो. एकाच विमानासाठी साचा घडवायचा तर तेच काम जड. रुटाननं साचाच काढून टाकला. आधी फोमचा पंख कापायचा, त्यावर काचेचं कापड चढवायचं, फोम आतच राहू द्यायचा.

हा निळा फोम थर्मोकोलच्या जातीचा, पण जास्त घट्ट. तो तापलेल्या तारेनं कापतात, आणि त्याला दोन माणसं लागतात. पंख मुळाशी रुंद, टोकाशी अरुंद. म्हणजे मुळाकडची तार तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापणार. म्हणून तार ज्यांच्या कडेनं फिरते त्या दोन्ही टोकांच्या फर्म्यांवर आकडे लिहितात. एकानं मोठ्यानं आकडे म्हणायचे, दोघांनी एकाच वेळी त्या त्या खुणेवर पोचायचं. युरेथेन फोमला मात्र तार लावायची नाही, विषारी वायू निघतो. तो सुरीनं कोरायचा. आणि कापड ज्यात भिजवायचं ते रेझिन इपॉक्सीच हवं. पॉलिएस्टर रेझिन निळ्या फोमला विरघळवून टाकतं.

खरी परीक्षा कापड भिजवताना. ताण पेलते ती काच. इपॉक्सीनं धागे जागच्या जागी धरून ठेवायचे, एवढंच. कमी पडलं तर पांढरे कोरडे डाग दिसतात, ते कुणालाही कळतात. जास्त झालं तर पृष्ठभाग छान चकाकतो, आणि नवखा नेमका त्यावरच खूश होतो. ती चकाकी म्हणजे फुकटचं वजन. रबरी पट्टीनं ओढून ओढून ते बाहेर काढावं लागतं. फोमनं इपॉक्सी पिऊ नये म्हणून त्याला आधी इपॉक्सी आणि काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांचा पातळ लेप देतात. कापडाची दिशाही महत्त्वाची: पंखाला पीळ बसू नये म्हणून धागे ४५ अंशांत तिरके, वाकू नये म्हणून लांबीच्या दिशेनं.

रुटानच्या विमानांइतकीच मला त्याची पुस्तिका थोर वाटते. विमानाच्या पहिल्या भागाला हात लावण्याआधी ती सरावाचे तुकडे करायला लावते. काही थरांचा सपाट तुकडा करून ठरलेल्या मापात कापायचा आणि तोलायचा. रेझिन किती उधळलं ते काटा सांगतो. दुसरा तुकडा आत फोम असलेला. तो वाळला की त्यावर चक्क उभं राहायचं! कापड अर्धवट घट्ट झालेलं असताना कडा ब्लेडनं कापायच्या, हेही इथेच हाताला कळतं. ती वेळ चुकली की करवत काढावी लागते.

हातमोजे टाळणाऱ्यांना इपॉक्सीची ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा जडली की ती सहसा पाठ सोडत नाही. घाईनं मोठा पेला कालवून ठेवला तर तो स्वतःच तापतो, धूर सोडतो. म्हणून थोडं थोडंच कालवायचं.

शेवटी नाण्यानं टकटक करत सगळा पृष्ठभाग तपासायचा. आवाज बद्द आला की तिथे थर सुटलेला असण्याची शंका. मग रंग, आणि तो पांढराच. गडद रंग उन्हात इतका तापतो की आतलं इपॉक्सी मऊ पडू लागतं.