मॉनिटर घेताना पन्हा आणि वीण दोन्ही पाहा

संगणकाचा मॉनिटर घ्यायला गेलेला ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, "किती इंची आहे?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. कापड घेताना आपण पन्हा पाहतो, तशी वीणही बोटांनी चाचपतो. मॉनिटरचे इंच म्हणजे पन्हा आणि पडद्यावरच्या बिंदूंची, म्हणजे पिक्सेलची, दाटी ही त्याची वीण.

आधी इंचाचा खुलासा. हे माप आडवे नसून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके असते. म्हणून नेहमीच्या घडणीचा २४ इंची पडदा रुंदीला सुमारे ५३ सेंटीमीटर, २७ इंची ६० आणि ३२ इंची ७१ सेंटीमीटर भरतो.

आता वीण. फुल एचडीमध्ये आडवे १९२० व उभे १०८० बिंदू असतात. २४ इंची पडद्यावर ते दर इंचाला सुमारे ९२ पडतात. तेवढेच बिंदू २७ इंचांवर पसरले की ८२ उरतात आणि जवळून अक्षरे खडबडीत दिसतात. सबब २७ इंचांसाठी २५६० बाय १४४०, म्हणजे क्यूएचडी आणि ३२ इंचांसाठी ३८४० बाय २१६०, म्हणजे फोर-के घेणे चांगले.

मात्र बिंदू वाढले की गेममध्ये ग्राफिक्स कार्डावर बोजा वाढतो. फुल एचडीत सुमारे २१ लाख, क्यूएचडीत ३७ लाख, तर फोर-केमध्ये ८३ लाख बिंदू असतात. साध्या कार्डावर फोर-केचा खेळ अडखळतो. मुलाच्या हट्टापायी मोठा पडदा आणला, तर मागोमाग महागड्या कार्डाचा खर्च उभा राहतो.

कामाप्रमाणे निवड अशी करावी. बिले व हिशेबासाठी २४ इंची फुल एचडी, ६० हर्ट्झ पुरे. नेमबाजीच्या चुरशीच्या गेमसाठी आकार तोच, पण १४४ हर्ट्झ किंवा अधिक. सारा पडदा एका नजरेत येतो. कथेचे गेम आणि साडी-प्रिंटच्या डिझाइनसाठी २७ इंची क्यूएचडी. डिझाइनवाल्याने आयपीएस पॅनेलच घ्यावे, कारण बाजूने पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही. ३२ इंची पडद्यापासून सुमारे तीन फूट दूर बसता येत असेल तरच तो घ्यावा. नाहीतर मान सारखी फिरवावी लागते.

कराचेही ध्यानात ठेवा. २०१९ पासून ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यापुढे २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरवरही १८ टक्केच आहे. जुन्या दराने कोणी किंमत सांगत असेल तर बिल तपासा. धंद्यासाठी घेणाऱ्या नियमित करदात्याने आपला जीएसटी क्रमांक बिलावर घालून घ्यावा, म्हणजे कराची वजावट मिळते.

बाजारात जाण्याआधी टेप घेऊन टेबलाची खोली मोजा आणि घरच्या कार्डाचे नाव कागदावर लिहून न्या. मग दुकानदार काहीही दाखवो, आपला सौदा गरजेपुरताच होईल.