उसाची ट्रॉली आणि आखूड ट्रॅक्टर



हंगाम सुरू झाला की गव्हाणीपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. काट्यावर वजन किती भरले हे जो तो विचारतो. पण हा माल उतारावरून कसा आणला, हे ड्रायव्हरला कोणी विचारत नाही. आम्हाला आज त्याविषयीच चार शब्द सांगायचे आहेत.

ट्रॅक्टर मुळात शेतात वळावा म्हणून आखूड केलेला. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जेमतेम साडेसहा फूट, वजन दोन टनांच्या आसपास. त्याच्या मागे आपण बारा टन ऊस लावतो. म्हणजे बैलाने गाडी ओढायची की गाडीने बैल ढकलायचा, असा प्रश्न! दहा फुटांत एक फूट उतार असला तर बारा टनांचा माल सुमारे सव्वा टन जोराने मागून रेटतो. त्यात वळणावर करकचून ब्रेक मारला तर ट्रॅक्टरचे तोंड फिरते आणि ट्रॉली त्याच्यावर चढते.

म्हणून उतार लागण्याआधीच गिअर खाली घ्यावा. जो गिअर चढाला लागतो, तोच उताराला. "डिझेल वाचतंय" म्हणून न्यूट्रल करणारे बहाद्दर आम्ही पाहिले आहेत. वाचलेले डिझेल पावशेर, धोक्यात घातलेला जीव लाखमोलाचा! क्लचही दाबून ठेवू नये. वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागते, हे ध्यानात असावे.

शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल पट्टीने जोडलीच पाहिजेत. एका बाजूचा ब्रेक लागला की भरलेली गाडी आडवी झालीच म्हणून समजा.

चढावर उलटा धोका. हूक जितका उंच, तितकी पुढची चाके हलकी. चिखलात रुतलेली ट्रॉली काढायला मागच्या आसाच्या वर साखळी बांधली, तर ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहतो नि ड्रायव्हरवर उलटतो. अशा वेळी "बस रे बोनेटवर" म्हणून दोन गडी पुढे बसवतात, ते तर अजिबात नको. पुढे लोखंडी वजने लावा आणि साखळी खालच्या हुकालाच बांधा.

ट्रॉली दोन चाकी असेल तर मोळ्यांचा भार आसाच्या किंचित पुढे यावा. मागे जास्त भरला की हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. पिनेला खिळा किंवा क्लिप हवीच. वायर गुंडाळून भागवू नये.

रात्री बाहेर लोंबणाऱ्या उसाने मागचा दिवा नि तांबडा रिफ्लेक्टर झाकतो. मोटरसायकलवाल्या पोराला समोर ट्रॉली आहे हे आदळल्यावरच कळते. आणि बीडकडून आलेल्या टोळीची बायका-पोरे भरल्या उसावर बसलेली असतात, हे आपण सगळेच बघतो आणि गप्प राहतो.

वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून "अजून चार मोळ्या टाका" असा आग्रह होतो. त्या चार मोळ्या टाकायला सांगणारे बहुधा आपणच असतो. तेव्हा ट्रॉली फडातून निघण्यापूर्वी मालकाने स्वतः पिन, पट्टी नि मागचा दिवा पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे. ऊस एक दिवस उशिरा गेला तर वजनात थोडी तूट येईल. घरचा माणूस गेला तर ती तूट कोणत्या काट्यावर मोजणार?