धावत्या गाडीचे पॅनिंग
ताशी 300 किलोमीटर वेगाची फॉर्म्युला वन गाडी सेकंदाच्या 2000व्या भागात जेमतेम चार सेंटिमीटर सरकते. म्हणून शटर, म्हणजे संवेदकावर प्रकाश सोडणारा पडदा, इतकाच काळ उघडला तर गाडी रस्त्यावर उभी केल्यासारखी दिसते आणि तिचा वेगच चित्रातून हरवतो. पॅनिंगमध्ये हा काळ मुद्दाम 1/125 सेकंदापर्यंत वाढवून कॅमेरा गाडीबरोबर कमरेतून फिरवतात, त्यामुळे गाडीची प्रतिमा संवेदकावर जागच्या जागी राहते व पार्श्वभूमी तेवढी रेघांसारखी ओढली जाते. भर उन्हात यासाठी आयएसओ, म्हणजे संवेदनशीलता, 100 आणि भिंगाचे छिद्र एफ/16 ठेवावे लागते. गाडी जवळून गेल्यास मात्र तिच्या भागांची दृश्य गती सारखी नसल्याने चालकाचे हेल्मेट रेखीव उमटूनही नाक व शेपूट पुसट राहतात; हा दोष नसून वेगाची सर्वांत प्रामाणिक खूण होय.